मस्कतला न पोचलेली निधनवार्ता

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि सायंदैनिक ‘हाळी’चे संपादक आदरणीय आण्णासाहेब वरुटे, प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले प्राचार्य इंगवले सर, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आमची सहकारी कुमारी प्रीती कुरणे, समोर पहिल्या रांगेत बसलेले तिचे वडील बाबासो कुरणे, ज्यांना सगळी गल्ली तात्या म्हणते, त्यांच्या शेजारी बसलेल्या तिच्या मातोश्री, आणि छपाई, वितरण, जाहिरात या सगळ्या खात्यांतले माझे बंधू-भगिनी, आपणां सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

मी धैर्यशील. इंटरनेट विभाग. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो उन्हाळ्यात बंद असतो. या विभागाच्या वतीनं दोन शब्द बोलावेत असा आण्णासाहेबांचा आदेश आहे. दोन शब्द म्हणजे तीन मिनिटं, हेही त्यांनी बजावलंय. आण्णासाहेब, तीन मिनिटांत उरकणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घड्याळ बघायला नको.

इंगवले सर, तुम्ही मला ओळखलं नसेल. तुमच्या कॉलेजात मी अडीच वर्षं होतो. जर्नलवर सही मिळत नाही म्हणून प्रयोगशाळेच्या दाराला लाथ घातली आणि त्याच दारानं बाहेर पडलो, तो परत आलो नाही. माझा स्वभाव असा. आधी हात चालतो, मग तोंड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढं जे सांगायचंय त्याला ते लागणार आहे.

निरोपाच्या सभेत जाणाऱ्याचे गुण सांगायची पद्धत आहे. प्रीतीचे गुण सांगायला मला आठवावं लागत नाही. दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात ती इथं ऑपरेटर म्हणून आली आणि आण्णासाहेबांनी तिला कुणालाच नको असलेलं काम दिलं, निधनवार्ता. रोज दुपारी एक वाजता या वार्ता गोळा व्हायच्या. कुणी फोनवर सांगायचं, कुणी चिठ्ठी धाडायचं, कुणी स्मशानातनं तसंच ओल्या अंगानं दारात यायचं. अशा माणसाला आमच्यापैकी कुणीही पहिला प्रश्न विचारला असता, मजकूर काय? ती आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची. मग म्हणायची, “बसा. सावकाश सांगा, मी लिहून घेते.” लिहून झालं की मयताचं नाव दोनदा वाचून दाखवायची. एकदा तिला विचारलं, दोनदा कशाला? म्हणाली, पहिल्यांदा ऐकताना त्यांना ते खरं वाटत नाही.

आम्ही दोघं हुपरीच्या गाडीचे. माझं काम दुपारी आटपायचं, तरी मी सहाच्या गाडीपर्यंत का थांबायचो, हे या हॉलमधल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. वितरणवाल्यांनी तर मला ‘सहाचा पास’ असं नावही ठेवलंय. हसा. तात्यांच्या समोर ते जास्त उकरत नाही.

आता थोडं माझ्या कामाचं सांगतो. समजायला अवघड नाही, सर. आपला पेपर नेटवर जातो. आपल्या पानावर नवीन काही आलं की ते दुसऱ्याच्या पानावर आपोआप जाऊन पोचावं यासाठी एक यादी तयार होते, तिला फीड म्हणतात. आपली यादी जुन्या पद्धतीची, आरएसएसची. तिच्यात प्रत्येक बातमीचं शीर्षक, पत्ता आणि थोडा मजकूर, एवढंच. तारीख नाही. पेपर त्याच दिवशीचा असतो, तारीख कुणाला पाहिजे?

मस्कतमधल्या कोल्हापूरकरांचं एक मंडळ आहे. त्यांच्या पानावर आपली यादी दिसायची. दोन हजार सहाच्या सुरुवातीला त्यांनी पान नवं केलं आणि कळवलं, आता आम्हाला यादी नव्या पद्धतीत पाहिजे, ॲटममध्ये. ही नवी पद्धत कडक. प्रत्येक नोंदीला स्वतःची खूण पाहिजे आणि तारीख-वेळ पाहिजे. तारीख नसेल तर नोंद ग्राह्य नाही. तर जुन्याचं नव्यात रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडं आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला असं काही सांगत होतं जे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी हवेत.

पहिला प्रोग्राम दोन दिवसांत लिहिला. तारीख नाही ना? मग आजची घाल. यादीत शेवटच्या पंधरा नोंदी असायच्या, म्हणजे कालच्या, परवाच्याही. त्या सगळ्यांवर रोज आजची तारीख पडायला लागली. चौथ्या दिवशी मस्कतहून मंडळाचे बाळासो यांचा फोन आला.

“पावणं, आमचा गुंडूमामा किती येळा मारनार हाय तुमी? तीनदा मेलाय. हितं आमची मंडळी रोज नव्यानं आंघुळ करालीत.”

सगळं ऑफिस आठ दिवस हसलं. मी चिडलो. आता नीट ऐका, कारण चूक इथं आहे. ज्या दिवशी एखादी नोंद पहिल्यांदा दिसली तो दिवस मी कुठंतरी टिपून ठेवला असता तरी काम भागलं असतं. कुठलाही किराणा दुकानदार तसंच करतो. पण तेवढं साधं काम मला कमीपणाचं वाटलं. मला हुशारी दाखवायची होती. माझ्या ध्यानात आलं, आपल्याकडची प्रत्येक निधनवार्ता एकाच ओळीवर संपते. ‘रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी नऊ वाजता आहे.’ रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी. म्हणजे बुधवारातनं दोन दिवस वजा केले की माणूस सोमवारी गेला. तारीख मिळाली. मजकुरातनंच तारीख काढायची. निधनवार्तांच्या सदरात पुण्यस्मरणाच्या जाहिरातीही यायच्या, त्यांत रक्षाविसर्जन नसतं. म्हणून मी एक ओळ लिहिली, हा शब्द सापडला नाही तर ती जाहिरात समजायची, सोडून द्यायची, पुढं जायचं.

गुंडूमामा पुन्हा मेले नाहीत. मंडळानं आभाराचं पत्र धाडलं आणि आण्णासाहेबांनी याच हॉलमध्ये मला शाल आणि नारळ दिला. प्रीतीनं टाळ्या वाजवल्या होत्या. मला तेवढंच आठवतं.

सर, तुम्हाला चूक दिसली का? तुमच्या चेहऱ्यावरनं वाटतंय दिसली. मला दिसली नाही. मला पंधरा महिने दिसली नाही. आमच्या गल्लीत माणूस गेला की तिसऱ्या दिवशी रक्षा. पाव्हण्यापैकी कोण गेलं की रक्षा. मला वाटलं, मरण म्हटलं की हेच.

त्या पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. गडहिंग्लजच्या एक आक्का आल्या. त्यांचे यजमान गेलेले. लिंगायत घर, त्यांच्यात दफन करतात. पेपरात वार्ता आली, पण मस्कतच्या पानावर आली नाही, दिराला कळलंच नाही. मग आणखी एक जण आला, मग आणखी एक. आपलं नेटवरचं पान रोज संध्याकाळी पुसून नवं होतं, कालचं काही उरत नाही, यादीतनंही दोन-तीन दिवसांत जातं. त्यामुळं वार्ता नेटवर टाकली होती हे सिद्ध कसं करणार? निधनवार्ता कोण टाकतं? प्रीती. विषय संपला. तिच्याकडं दोनदा लेखी खुलासा मागितला गेला. मीसुद्धा, ऐका, मीसुद्धा तिला गाडीत म्हणालो, “गडबडीत राहत असतील, जरा बघत जा की.” तिनं खिडकीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं एक वही घातली. टाकलेल्या प्रत्येक वार्तेचं नाव, वेळ आणि समोर बरोबरची खूण.

आणि मग नोव्हेंबरात तिची आज्जी गेली. पारूबाई कुरणे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत बावीस वर्षं वाळू चाळलेली बाई.

तात्या, आता मी तुमच्या घरातलं बोलणार आहे. तुमची परवानगी घेतलेली नाही. प्रीतीची घेतली आहे.

पारूबाईंना दोन मुलगे. थोरले आपले तात्या. धाकटे नागसेन. दोघा भावांचं नऊ वर्षांपूर्वी बिनसलं आणि नागसेन मस्कतला गेले. कशावरनं बिनसलं ते मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही. नऊ वर्षांत या घरात त्यांचं नाव निघालं नाही. पण बाळासोंनी एकदा फोनवर प्रीतीला सांगितलं होतं, “तुमच्या आडनावाचं एक पावणं हाय हितं. रोज येऊन पान उघडतंय. निधनवार्ता तेवढ्या वाचतंय आनी उठून जातंय.” तिनं ते घरी सांगितलं. 

आज्जी गेली त्या दिवशी प्रीतीच्या आईनं म्हटलं, भावजींना फोन लावू या, बाळासोंकडं निरोप देऊ या. तात्यांनी नको म्हटलं. मजकूर मात्र स्वतः लिहिला, स्वतःच्या हातानं, आणि प्रीतीकडं दिला. त्यात लिहिलं होतं, ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे, बाबासो व नागसेन, सुना, नातवंडे असा परिवार आहे. पुण्यानुमोदन रविवारी सकाळी दहा वाजता राहत्या घरी.’ प्रीतीनं ‘नागसेन’ वाचलं आणि वडिलांकडं बघितलं. तात्या म्हणाले, “पेपरात दिलंय. रोज वाचतोय न्हवं? वाचंल. यायचं आसंल तर येईल.”

माझ्या मते, तात्या, तो हात पुढं केलेला होता. नऊ वर्षांनी. तुमच्या पद्धतीनं.

त्या मजकुरात रक्षाविसर्जन हा शब्द नव्हता.

त्या रविवारी पुण्यानुमोदनाच्या विधीला मी तुमच्या दारात होतो. भन्तेजी आले, वंदना सुरू व्हायची वेळ झाली. तुम्ही त्यांना अर्धा तास थांबवलंत. लोक चुळबुळ करायला लागले. तुम्ही दोनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आलात. मुंबईचं विमान, मग गाडी, उशीर होतो, असं कुणीतरी पुटपुटलं. कुणाबद्दल ते कुणी बोललं नाही. मग तुम्ही सुरू करा म्हणून खूण केली. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, “आईचं मरान वाचून जो घरात बसला, त्यो दगड. हितनं फुडं पारूबाईला एकच ल्योक हुता.” प्रीती तिथं उभी होती. मीही तिथं होतो, भात वाढत होतो.

उठू नका, तात्या. बसा. दोनच मिनिटं. तुमच्या भावानं वाचलं नाही. त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. माझ्या प्रोग्रामनं ती नोंद जाहिरात समजून टाकून दिली. रोज येऊन त्यांनी पान उघडलं असेल आणि त्यात त्यांची आई नसेल. कदाचित त्यांना बरंही वाटत असेल. आजही त्यांना वाटत असेल, आई आहे.

हे मला कधी कळलं? प्रीतीनं पुण्याची नोकरी धरली, राजीनामा दिला आणि तिचं काम माझ्याकडं आलं. सोबत ती वही आली. मंडळाचं पान जुन्या नोंदी पुसत नाही, पण ते उघडून बघायचं तोवर आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मी सहज म्हणून वही आणि ते पान शेजारी शेजारी घेऊन बसलो. खरं सांगतो, तिची चूक सापडली तर गुपचूप झाकू, असं मनात होतं. वहीतल्या एकशे शहाऐंशी वार्ता तिकडं नव्हत्या. मी त्यांची यादी काढली. मुल्लाणी, हिरेमठ, कुरणे, डिसोजा, शिंगे, पुन्हा मुल्लाणी. यादी खालपर्यंत वाचली. एकही पाटील नव्हता. एकही चव्हाण नव्हता. माझ्या आडनावाचं कुणीच नव्हतं. मग कोड उघडून बघायची गरज उरली नाही. एखाद्याला वाटेल, कॉम्प्युटरची चूक. कॉम्प्युटरनं मी सांगितलं तेवढंच केलं. कुणाचं मरण मोजायचं ते मी त्याला शिकवलं होतं.

आणि एवढं कळल्यावर या गरम डोक्याच्या माणसानं काय केलं? दाराला लाथ घातली? ओरडला? अठरा दिवस गप्प बसला. अठरा दिवस मी सहाच्या गाडीत तिच्या शेजारी बसून गेलो. खिशात एक पत्र होतं. काय पत्र ते सांगत नाही, तुम्ही सगळे शहाणे आहात. ते देण्याआधी हे सांगणं भाग होतं, आणि हे सांगितल्यावर ते द्यायला तोंड राहत नव्हतं. रोज वाटायचं, आज नको, उद्या. ती पुण्याला गेल्यावर प्रश्नच मिटेल, असंही एक दिवस वाटून गेलं. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गेल्या गुरुवारी कँटीनमध्ये तिला सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. तिनं विचारलं, कधी कळलं? मी खरा आकडा सांगितला.  मला वाटलं ती रडेल, किंवा कप फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली,

“माझ्याशी नगं बोलूस. माझं जायचं ठरलंय, त्यात आता काय बदल न्हाय. तात्या येनार हायत शनिवारी. सगळ्यांच्या समोर काकाला दगड म्हटल्यात त्यांनी. तू सगळ्यांच्या समोर सांग, की त्यो दगड न्हवता.”

म्हणून मी इथं उभा आहे. आण्णासाहेबांनी सोपवलेलं भाषण वेगळं होतं, ते टेबलावर राहिलं.

आण्णासाहेब, एक विनंती. प्रीतीच्या फाइलीतली ती दोन खुलासापत्रं काढून माझ्या फाइलीत लावा. पेपरात दिलगिरी छापा असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, नेटचं नेटवर मिटव. पण ज्यांचं माणूस गेलं ते नेटवर राहत नाहीत. प्रोग्राम मी दुरुस्त केलाय. आता घरच्यांनी जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं जातं. वहीतल्या एकशे शहाऐंशी घरांत मी एकेक करून जातो आहे. परवापासून सात झाली. वहीच्या आधीच्या त्या गडहिंग्लजच्या आक्कांकडंही गेलो, त्यांनी चहा पाजला आणि म्हणाल्या, “आता कुनाला सांगतोस बाबा? येनारे येऊन गेले, आनी न येनाऱ्यांवर आमी रुसून बसलो. दीर तिकडंच वारला उन्हाळ्यात.” मी तो चहा कसा प्यालो ते माझं मला माहीत. वहीच्या आधीच्या किती गेल्या असतील त्याचा तर पत्ताच नाही. दुरुस्ती दुरुस्ती म्हणतो आपण. कोडमध्ये एक शब्द खोडला की झाली. बाहेर कुठं होते?

प्रीती, तुझं पुण्यात चांगलं होवो. हे वाक्य निरोपाच्या सभेत सगळेच म्हणतात. मी म्हणतो आहे तेव्हा त्यात बाकी काही नाही. तू परत इकडं यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. ते पत्र मी फाडून टाकलं आहे. तुझ्याबद्दल मी गाडीत जे म्हणालो होतो ते मागं घेतो, पण ते तू ऐकलंस तेव्हा खिडकीकडं बघत होतीस, ते मागं कसं घेणार?

आता शेवटचं, तात्या. नव्या पद्धतीत प्रत्येक नोंदीला दोन तारखा लावता येतात. एक, ती मूळ कधीची. दुसरी, ती दुरुस्त कधी केली. मस्कतचं पान दुसऱ्या तारखेप्रमाणं नोंदी लावतं. मूळ तारीख नोव्हेंबरातली ठेवली आणि दुरुस्तीची आजची घातली, तर पारूबाईंची वार्ता आज संध्याकाळी पहिल्या ओळीवर दिसेल. तुमचे भाऊ तिथं बसलेले असतील. त्यांना कळेल, आई गेली, आणि सात महिने झाले. वाचून त्यांच्यावर काय येईल ते मला माहीत नाही. निरोप देणाऱ्याशिवाय असा निरोप वाचायला मिळणं बरं, की तुम्ही स्वतः फोन उचलणं बरं, हे मी कोण सांगणार? एकदा तुमच्या घरचा मजकूर तुम्हाला न विचारता टाकून दिला. आता तुम्हाला न विचारता धाडणार नाही. तुमच्या हातचा तो कागद वहीत पिनेनं लावलेला होता. तो माझ्याजवळ आहे. खाली एक ओळ लिहिण्यापुरती जागा आहे. काय लिहायचं, की काहीच धाडायचं नाही, ते तुम्ही सांगायचं. मी कागद घेऊन खाली तुमच्याकडं येतो. माझ्या हातातनं घ्यायचा नसेल तर प्रीतीकडं देतो.

अध्यक्षमहाराज, तुम्ही मला माइकवरनं खाली ओढलं नाहीत, याबद्दल आभार. इंगवले सर, आपण वेळ काढून आलात आणि एका पळून गेलेल्या विद्यार्थ्याचं पूर्ण ऐकून घेतलंत, याबद्दल आपलेही आभार. प्रीतीच्या मातोश्रींनी मघापासून पदर तोंडाला लावला आहे, त्यांचे आभार कुठल्या शब्दांत मानावेत ते मला येत नाही. बोलताना वेळ जास्त घेतला असेल, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, एखादा शब्द उणाअधिक गेला असेल, तर तेवढं सभेनं पोटात घालावं.

बाकीचं घालू नये.